घरचे क्रीम लिकर : नासू न देता बनवण्याचा क्रम

घरी केलेल्या क्रीम लिकरबद्दलच्या तक्रारी साधारण सारख्याच असतात. मिक्सरमधून काढताना मिश्रण मऊसूत दिसते, रात्री बाटली फ्रिजमध्ये ठेवली जाते आणि सकाळी पाहावे तर वर पिवळसर थर, खाली पातळ पाणी आणि मध्ये पांढरे कण तरंगत असतात. दोष क्रीमला किंवा व्हिस्कीला दिला जातो आणि पुढच्या वेळी महागडे साहित्य आणले जाते. बहुतेक वेळा चूक साहित्यात नसून क्रमात असते. ‘सगळे मिक्सरमध्ये घालून फिरवा’ ही प्रचलित कृती कधी जमते, कधी फसते. ती का फसते हे समजून टप्पे पाळले, तर लिकर पुन्हा पुन्हा सारखेच उतरते.

आधी बिघाडाचे तीन प्रकार वेगळे ओळखावेत

पहिला प्रकार नासण्याचा. दुधातील केसीन हे प्रथिन सूक्ष्म पुंजक्यांच्या रूपात पाण्यात तरंगत राहते. आम्लता वाढली किंवा मद्यार्काचे प्रमाण एकाएकी जास्त झाले, की हे पुंजके एकमेकांना चिकटून कण तयार होतात. उष्णतेने ही क्रिया आणखी वेगाने होते. पीएच ४.६ च्या आसपास आला तर केसीन पूर्णपणे खाली बसते, परंतु मद्यार्काच्या सान्निध्यात इतकी आम्लताही लागत नाही. म्हणूनच चवीला आंबट न लागणारे, पण किंचित उतरलेले क्रीम व्हिस्की पडताच फुटते.

दुसरा प्रकार लोणी निघण्याचा. मिक्सर जास्त वेळ फिरला, की स्निग्धकणांभोवतीचे आवरण फुटते आणि ते कण एकमेकांत मिसळून लोण्याचे पिवळे ठिपके होतात. घुसळल्यावर लोणी येणारच. येथे ते नको असते, एवढाच फरक.

तिसरा प्रकार थर वर येण्याचा, आणि हा खरे तर बिघाड नव्हे. साध्या क्रीममधील स्निग्धकण सरासरी तीन-चार मायक्रोमीटरचे असतात, तर कारखान्यात उच्च दाबाने ते फोडून एका मायक्रोमीटरपेक्षाही लहान केले जातात आणि सोडियम केसिनेटसारख्या घटकाने स्थिर ठेवले जातात. घरी हे शक्य नाही. त्यामुळे घरच्या लिकरमध्ये काही दिवसांनी वर जाडसर थर येणे स्वाभाविक आहे. बाटली हलवल्यावर तो मिसळला, तर काळजीचे कारण नाही.

प्रमाण

साधारण एक लिटरसाठी पुढील प्रमाण मी विश्वासाने देतो:

- ३५ टक्के किंवा त्याहून अधिक स्निग्धांश असलेले, पाश्चरीकरण केलेले, गोड न केलेले ताजे क्रीम : ३०० मिली
- गोड कंडेन्स्ड मिल्क : ४०० ग्रॅमचा एक डबा (आकारमानाने सुमारे ३०० मिली)
- ४० टक्के मद्यार्काची व्हिस्की : ३५० मिली
- कोको पावडर : एक मोठा चमचा, सपाट
- इन्स्टंट कॉफी : दोन लहान चमचे
- उकळते पाणी : ३० मिली
- व्हॅनिला अर्क : एक लहान चमचा
- मीठ : अगदी चिमूटभर

मद्यार्क किती होईल हे स्वतः मोजून घ्यावे. ३५० मिलीचे ४० टक्के म्हणजे १४० मिली शुद्ध मद्यार्क. एकूण मिश्रण ९८० मिली धरले, तर ते प्रमाण १४ टक्क्यांच्या थोडे वर येते. बाजारातील क्रीम लिकर बहुधा १७ टक्क्यांच्या आसपास असते. तिथपर्यंत जायचे असेल तर व्हिस्की ४५० मिलीपर्यंत वाढवता येते, मात्र पहिल्या खेपेला वाढवू नये. ३५० मिलीवर पोत नीट जमला की मगच पुढे जावे.

टप्पा १ : साहित्याची निवड

क्रीम घेताना स्निग्धांश पाहावा आणि तारीख त्याहून नीट पाहावी. स्निग्धांश जास्त असला की त्या मानाने प्रथिने कमी असतात आणि कमी प्रथिने म्हणजे नासण्याचा धोका कमी. २० ते २५ टक्क्यांचे पातळ क्रीम चालते, पण लिकर पाणचट लागते. कित्येक दिवस साठवलेली साय मात्र मुळीच वापरू नये, कारण तिची आम्लता वाढलेली असते आणि ती पाश्चरीकरणानंतर बंद राहिलेली नसते. गोड केलेले, फेटण्यासाठीचे वनस्पतिजन्य क्रीमही टाळावे. त्याचा फेस होतो आणि जिभेवर मेणासारखा लेप राहतो.

व्हिस्की ४० ते ४३ टक्क्यांची, सौम्य आणि थोडी गोडसर चवीची असावी. पिंपातून थेट भरलेली ५५-६० टक्क्यांची व्हिस्की या कामाला चुकीची, कारण ती पडते तेथील क्रीम लगेच फुटते. तीच वापरायची असेल तर आधी पाणी घालून ४० टक्क्यांवर आणावी. धुराचा तीव्र वास असलेल्या व्हिस्कीचे दुधाशी जमत नाही असे माझे ठाम मत आहे. व्हिस्कीऐवजी ब्रँडी किंवा रम चालते. वाइन चालत नाही. तिची आम्लता आणि टॅनिन ही दोन्ही प्रथिनांना घट्ट करतात.

कोको पावडर अल्कलीने प्रक्रिया केलेली, गडद रंगाची मिळाल्यास उत्तम, कारण ती कमी आम्ल असते.

> इशारा : काही जुन्या कृतींमध्ये कच्ची अंडी असतात. १४ टक्के मद्यार्काने साल्मोनेला मरेल असे गृहीत धरू नये. दाटपणासाठी कंडेन्स्ड मिल्क पुरेसे आहे, अंडी गाळावीत. मद्यही फक्त सीलबंद आणि लेबल असलेलेच वापरावे.

टप्पा २ : बाटल्या आणि भांडी

लिकर किती दिवस टिकेल हे बऱ्याच अंशी बाटली ठरवते. रुंद तोंडाच्या, प्रत्येकी ६०० ते ७५० मिलीच्या दोन काचेच्या बाटल्या घ्याव्यात. अरुंद मानेच्या बाटलीत वर आलेला स्निग्ध थर बुचासारखा घट्ट अडकतो आणि ओतताना आधी काहीच येत नाही, मग एकदम भसकन येते. बाटल्या साबणाने धुऊन, मोठ्या पातेल्यात बुडतील एवढ्या पाण्यात दहा मिनिटे उकळाव्यात. काच गरम पाण्यात एकदम टाकू नये. गार पाण्यातच ठेवून पाणी तापवावे. नंतर स्वच्छ फडक्यावर उपड्या ठेवून पूर्ण कोरड्या होऊ द्याव्यात. झाकणातील रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या चकत्या काढून वेगळ्या धुवाव्यात, कारण जुने दूध तेथेच अडकून राहते. पातेले, उलथणे, गाळणी आणि मिक्सरचे भांडेही गरम पाण्याने धुऊन कोरडे करावे. आदल्या दिवशी मिक्सरमध्ये चटणी वाटली असेल, तर तिचा आंबटपणा आणि वास दोन्ही झाकणाच्या खाचेत राहिलेले असतात.

टप्पा ३ : तापमान जुळवणे

क्रीम आणि व्हिस्की निदान चार तास फ्रिजमध्ये ठेवावी. कंडेन्स्ड मिल्क मात्र बाहेरच असावे. ते गार झाले की इतके घट्ट होते की मिसळण्यासाठी जोराने ढवळावे लागते आणि त्या जोराने क्रीमचे लोणी होऊ लागते. सर्वसाधारण चूक नेमकी उलटी होते: डबा फ्रिजमध्ये आणि व्हिस्की कपाटात.

टप्पा ४ : चमचाभर चाचणी

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. एका काचेच्या पेल्यात एक मोठा चमचा क्रीम आणि एक मोठा चमचा कंडेन्स्ड मिल्क एकत्र करावे, त्यात एक चमच्याहून किंचित जास्त व्हिस्की थेंबथेंब घालत ढवळावे आणि पेला अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा. मग तो तिरका करून सरळ करावा आणि काचेवर उरलेला पापुद्रा उजेडात पाहावा. पापुद्रा दुधासारखा सलग उतरत असेल तर साहित्य योग्य आहे. त्यात बारीक रव्यासारखे कण दिसले, तर ते क्रीम या कामाचे नाही; दुसरे आणावे. तीन चमचे वाया गेले तरी उरलेले क्रीम आणि जवळजवळ पूर्ण बाटली वाचते.

टप्पा ५ : कोको आणि कॉफीचा लगदा

कोको पावडर विरघळत नाही, ती फक्त भिजते. म्हणून ती थेट क्रीममध्ये टाकली तर गोळ्या होतात आणि त्या फोडण्यासाठी मिक्सर नको तितका चालवला जातो. पावडर चाळून घ्यावी, त्यात कॉफी आणि मीठ मिसळावे आणि ३० मिली उकळते पाणी थोडे थोडे घालत गुळगुळीत लगदा करावा. हा लगदा पूर्ण गार होईपर्यंत थांबावे. भांड्याचा तळ मनगटाला लावून पाहावा. कोमट लागला तरी अजून वेळ आहे.

गार लगदा कंडेन्स्ड मिल्कमध्ये मिसळावा, क्रीममध्ये नव्हे. कॉफी आणि कोको दोन्ही आम्ल आहेत. कंडेन्स्ड मिल्कमधील भरपूर साखर आणि घट्टपणा ही आम्लता सावरून घेतात. उघड्या क्रीमवर ती पडली तर तेथल्या तेथे कण होतात.

> तपासणी : उलथण्याच्या पाठीवर मिश्रणाचा पातळ लेप घेऊन पाहावा. गडद ठिपके दिसत असतील तर आत्ताच गाळून घ्यावे. नंतर ते जात नाहीत.

टप्पा ६ : क्रीम मिसळणे

गार क्रीम तीन वेळा विभागून कंडेन्स्ड मिल्कच्या मिश्रणात घालावे आणि रुंद उलथण्याने खालून वर हळूहळू ओढत एकजीव करावे. फेटणी वापरू नये. फेटल्याने हवा शिरते, फेस होतो, आणि त्या फेसाबरोबर स्निग्धांश बाटलीत लवकर वर येतो. पातेल्याच्या कडेला फिकट रेषा राहिलेल्या दिसत असतील, तर अजून मिसळायचे आहे.

सोडियम सायट्रेट उपलब्ध असेल तर ते याच वेळी, चमचाभर पाण्यात विरघळवून, एक ते दीड ग्रॅम घालावे. ते दुधातील मोकळे कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे लिकर काही दिवसांनी खळीसारखे घट्ट होत नाही. ते ऐच्छिक आहे.

> इशारा : सायट्रिक आम्ल म्हणजे लिंबूसत्त्व. सोडियम सायट्रेट हा वेगळा पदार्थ आहे. नावातील साम्यामुळे लिंबूसत्त्व घातले, तर संपूर्ण पातेले क्षणात नासेल. पुडीवरील नाव दोनदा वाचावे आणि ते खाण्यायोग्य दर्जाचे असल्याची खात्री करावी.

टप्पा ७ : व्हिस्की घालणे

सर्वाधिक बिघाड या टप्प्यावर होतात, म्हणून येथे घाई नको. नियम असा की व्हिस्की क्रीममध्ये ओतावी, क्रीम व्हिस्कीमध्ये कधीही ओतू नये. क्रीमची पहिली धार व्हिस्कीत पडते तेव्हा त्या धारेला ४० टक्के मद्यार्काला तोंड द्यावे लागते आणि ती तत्क्षणी फुटते. पुढे कितीही क्रीम घातले तरी ते कण पुन्हा विरघळत नाहीत. उलट दिशेने गेल्यास मद्यार्काचे प्रमाण शून्यापासून हळूहळू चढत जाते आणि संपूर्ण मिश्रणाला १४ टक्क्यांच्या वर कधी जावेच लागत नाही. मिक्सरच्या भांड्यात आधी व्हिस्की ओतून त्यावर बाकीचे साहित्य घालणाऱ्यांचे लिकर फसते ते यामुळेच.

पहिले ५० मिली चमच्याचमच्याने घालावेत आणि प्रत्येक चमचा पूर्ण मिसळल्यावरच पुढचा घालावा. त्यानंतर उरलेली व्हिस्की दोऱ्यासारख्या बारीक धारेने सोडत, दुसऱ्या हाताने सतत ढवळत राहावे. एकट्याला दोन्ही कामे जमत नसतील तर पातेल्याखाली ओले फडके ठेवावे, म्हणजे ते सरकत नाही. संपूर्ण व्हिस्की घालण्यास पाच मिनिटे लागली पाहिजेत. शेवटी व्हॅनिला अर्क घालावा.

> इशारा : हे काम आचेजवळ करू नये. ४० टक्के मद्याची वाफ साधारण २६ अंश सेल्सियसलाच पेट घेऊ शकते. मिश्रण नंतर गरम करून ‘दाट’ करण्याचा प्रयत्नही करू नये. त्याने ते दाट होत नाही, नासते.

टप्पा ८ : मिक्सर, तोही क्षणभर

मिश्रण हातानेच एकजीव झाले असेल तर मिक्सरची गरज नाही, आणि मी शक्यतो तो टाळावा असेच सांगेन. कोकोचे कण दिसत असतील, तर सर्वांत कमी वेगावर पाच सेकंद फिरवून थांबावे, पाहावे आणि गरज वाटल्यास आणखी एकदा तेवढेच फिरवावे. त्यापुढे लोणी निघू लागते. आवाजावरूनही अंदाज येतो: फिरणारे पाते जड झाल्यासारखे वाटले, की थांबायची वेळ उलटून गेलेली असते.

टप्पा ९ : गाळणे

बारीक जाळीच्या गाळणीतून मिश्रण स्वतःच्या वजनाने खाली जाऊ द्यावे. चमच्याने दाबून घासू नये. गाळणीत जे उरते ते फेकण्यापूर्वी बोटांत धरून पाहावे. मऊ, पिवळसर आणि चोळल्यावर तेलकट होणारे असेल तर ते लोणी आहे, म्हणजे घुसळणे जास्त झाले. पांढरे, रवाळ आणि चोळल्यावर न विरघळणारे असेल तर ते फुटलेले प्रथिन आहे, म्हणजे आम्लता, उष्णता किंवा व्हिस्कीचा वेग चुकला. तपकिरी आणि किरकिरीत असेल तर कोको नीट भिजली नव्हती. लोणी किंवा कोको थोडीशी असेल तर गाळलेले लिकर निर्धास्त वापरावे. पांढरे कण चमचाभर निघाले, तर मात्र ते बाटलीत पुन्हा होत राहतील. असे मिश्रण मिक्सरमध्ये फिरवल्यावर काही तास गुळगुळीत दिसते आणि पुन्हा फुटते. नुकतेच फुटलेले, वास ताजा असलेले मिश्रण केकच्या घोळात घालून भाजता येते. बाटलीत भरू नये.

टप्पा १० : भरणे आणि मुरवणे

बाटल्या मानेपर्यंत न भरता हलवण्यापुरती दोन-तीन बोटे जागा सोडावी, झाकण घट्ट लावावे, त्यावर तारीख लिहावी आणि बाटली लगेच फ्रिजमध्ये ठेवावी. चोवीस तास मुरू द्यावे. ताज्या मिश्रणात मद्याचा तिखटपणा आणि गोडवा वेगवेगळे लागतात. एका दिवसात ते जुळतात आणि लिकर किंचित दाटही होते. म्हणून साखर किंवा मद्य कमी वाटले तरी पहिल्या दिवशी काही वाढवू नये.

> तपासणी : चोवीस तासांनी बाटली हळूच तीन-चार वेळा उलटसुलट करून थोडे लिकर काचेच्या पेल्यात ओतावे आणि टप्पा ४ प्रमाणे पापुद्रा पाहावा. वास दुधाचा, कोकोचा आणि मद्याचा यावा. त्यात आंबूसपणाची छटाही नसावी.

साठवण

फ्रिज ४ अंश सेल्सियस किंवा त्याखाली असावा आणि बाटली दारात न ठेवता आतल्या कप्प्यात ठेवावी, कारण दारातले तापमान सारखे बदलते. घरचे लिकर दोन ते तीन आठवड्यांत संपवावे, आणि तेही क्रीमच्या मूळ पाकिटावरील अंतिम तारखेच्या आत. कारखान्यातील बाटली कपाटात टिकते म्हणून घरचीही टिकेल हा समज धोक्याचा आहे. तेथे मद्यार्क जास्त असतो, कण बारीक असतात आणि भरण्याची प्रक्रिया निर्जंतुक असते. बाटलीला तोंड लावणे किंवा वापरलेला चमचा आत घालणे टाळावे.

या बाटलीतील द्रव दिसायला अगदी गार कॉफीसारखा असतो. फ्रिजमध्ये मुलांचा हात जात असेल तर झाकणावर आणि अंगावर ‘मद्य’ असे ठळक लिहावे आणि बाटली वरच्या कप्प्यात मागे ठेवावी. हे लिकर देताना त्यात दूध आहे हेही आधी सांगावे, कारण दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना ते चवीवरून वेळेत कळत नाही.

नंतर दिसणाऱ्या बदलांचा अर्थ

वर जाड थर आला आणि हलवल्यावर मिसळला, तर ठीक. थर बुचासारखा घट्ट बसला असेल तर बाटली पंधरा मिनिटे बाहेर ठेवून, स्वच्छ सुरीने थर मोडून हलवावी. तळाशी तपकिरी गाळ बसला तर तो कोकोचा आहे. संपूर्ण लिकर घट्ट होऊन चमच्याने काढावे लागत असेल, तर पेल्यापुरतेच काढून त्यात थोडे गार दूध घालावे आणि तो पेला लगेच संपवावा. दूध बाटलीत घालू नये, कारण त्याने मद्यार्काचे प्रमाण घटते. आंबट वास, झाकण उघडताना सुटणारी हवा, किंवा हलवल्यावरही न जाणारे कण यांपैकी एकही गोष्ट दिसली, तर चव न घेता ओतून द्यावे.

चव बदलायची असेल तर

संत्र्याचा स्वाद हवा असल्यास रस नव्हे, तर सालीचा फक्त नारिंगी भाग दोन दिवस व्हिस्कीत भिजवून गाळून घ्यावा. स्वाद तेलात असतो आणि आम्ल रसात. वेलची किंवा दालचिनीही याच पद्धतीने आधी मद्यात उतरवावी. फळांचे गर, सरबते आणि मध यांत आम्ल असते, म्हणून त्यांतले काहीही घालण्यापूर्वी चमचाभर चाचणी पुन्हा करावी.

पेल्यातही हाच नियम लागू राहतो. लिंबू, कोला किंवा टॉनिक यांत हे लिकर घातले की गुठळ्या होतात. गरम कॉफीत घालायचे असेल तर कॉफी ताजी असावी, ती एक-दोन मिनिटे निवू द्यावी आणि लिकर शेवटी, कडेने, ढवळत घालावे.